ट्रान्स्फर केस वारंवार का बिघडते?

मोटारीवर व्याख्यान आहे असे कळले की निम्म्या श्रोत्यांना ते आपल्यासाठी नाही असे वाटते. आणि ती मोटार लाखोंच्या किमतीची आलिशान एसयूव्ही असली, म्हणजे उरलेल्या निम्म्यांनाही तसेच वाटू लागते. परंतु नवी मुंबईपुरते बोलावयाचे तर हा समज सोडून द्यावा लागेल. संध्याकाळच्या वेळी पामबीच मार्गाच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तर उंच, भारदस्त, चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्यांची रीघ दिसते. त्यांतील सर्वच कोऱ्या नसतात. अशा गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते, आणि मग एखाद्या नव्या साध्या गाडीच्या पैशांत जुनी आलिशान गाडी दारात आणता येते. गाडी स्वस्त होते. तिचे सुटे भाग मात्र स्वस्त होत नाहीत. दुःखाचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

समजा, नेरुळच्या एका गृहस्थांनी अशी गाडी घेतली. काही महिन्यांनी सोसायटीच्या तळघरात गाडी वळवून लावताना ती थरथरू लागली, जणू खालून कोणी धक्के देत आहे. पुढे धोक्याचा दिवा लागला. गॅरेजने सांगितले, ट्रान्स्फर केस गेली. लाखांतले बिल भरून ती बदलली. वर्ष उलटले नाही तोच पुन्हा तोच थरथराट, तोच दिवा, तेच निदान. आता गृहस्थ म्हणतात गॅरेजवाल्याने फसविले, गॅरेजवाला म्हणतो कंपनीचा मालच कच्चा, आणि कंपनी म्हणते की गाडी नीट वापरली गेली नाही. तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात. पेटी दोनदा बदलली. ती का गेली हे मात्र कोणीच पाहिले नाही.

ट्रान्स्फर केसला 'शक्तिविभाजक पेटी' असा प्रतिशब्द करता येईल. परंतु तो घेऊन तुर्भ्याच्या एखाद्या गॅरेजात गेलात, तर फिटर आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तेव्हा रूढ शब्दच बरा. ही पेटी गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली असते. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून तिच्यात येते आणि दोन वाटांनी बाहेर पडते: एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, दुसरा पुढच्या चाकांकडे. काम एवढेच. परंतु या एवढ्याशा कामात एक भूमितीची अडचण दडलेली आहे, आणि ती समजली की पुढचे सारे समजते.

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची त्यांच्या आतून, लहान वर्तुळावरून. अरुंद गल्लीत बैलगाडी वळविणाऱ्यालाही हे ठाऊक असते. याचा अर्थ असा, की वळणावर पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा अधिक फेरे घेऊ पाहतो. दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतील तर तो फरक जावा कोठे? चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि फरक तेथे जिरतो. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर चाक घसरत नाही. मग शाफ्टांना पीळ पडतो आणि तो ताण दातेरी चक्रांवर व बेअरिंगांवर येतो.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवावयास प्रारंभ केला, तेव्हा या अडचणीचे उत्तर अगदी सरळ होते. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असत. त्यांतील एकाने पुढची चाके जोडावयाची किंवा सोडावयाची, दुसऱ्याने गती कमी करून जोर वाढवावयाचा. चिखल आला की चार चाके, डांबर लागले की दोन. हा विवेक ड्रायव्हरने करावयाचा. त्या पेटीत दातेरी चक्रे आणि तेल यांपलीकडे फारसे काही नव्हते, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकत असे. आलिशान गाडीच्या मालकाने मात्र दांडे ओढावेत अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तेव्हा तो विवेक यंत्रालाच शिकवावा लागला.

शिकविण्याच्या पद्धती निरनिराळ्या. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने पुढच्या आणि मागच्या शाफ्टांमध्येही एक डिफरन्शियल बसविले. मागच्या आसाच्या डिफरन्शियलमुळे डावे-उजवे चाक जसे वेगवेगळ्या गतीने फिरू शकते, तसेच येथे पुढचे-मागचे. ऑडीच्या मोठ्या गाड्यांत त्याच तत्त्वाची, परंतु चाक निसटू लागताच आपोआप आवळणारी रचना आली. तिसरी पद्धत बीएमडब्ल्यूने २००३ साली पुढे आणली आणि आज ती किंवा तिची भावंडे अनेक गाड्यांत आढळतात. या पद्धतीत मागचा शाफ्ट थेट जोडलेला असतो, आणि पुढच्या शाफ्टाकडे शक्ती जाते ती तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांच्या क्लचमधून आणि मग साखळीवरून किंवा दातेरी चक्रांवरून. एक लहानशी विजेची मोटर त्या चकत्या कमीअधिक दाबते. किती दाबावयाचे हे संगणक ठरवितो, आणि संगणकाला ते चारही चाकांच्या गतीवरून समजते.

आमच्या मते वारंवार होणाऱ्या बिघाडाचे बरेचसे रहस्य या फरकात आहे. डिफरन्शियलला पुढच्या-मागच्या गतीतील फरक पचतो. तो त्यासाठीच घडविलेला असतो. क्लचला तो पचत नाही. क्लच तो फरक घसरून सोसतो, आणि घसरण म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. वळणावळणाला थोडी उष्णता निर्माण व्हावी आणि सरळ रस्त्यावर ती निवून जावी, हा हिशेब धरूनच कारखानदाराने चकत्या व तेल योजिलेले असते. सरळ रस्त्यावरही फरक चालूच राहिला, तर मात्र तो हिशेब चुकतो.

सरळ रस्त्यावर फरक कोठून येणार? टायरांतून. येथे थोडे गणित करणे भाग आहे. ते इयत्ता सातवीच्या पलीकडचे नाही.

२५५/५५ आर १८ या मापाचा टायर घेऊ. रिम १८ इंचांची, म्हणजे ४५·७ सेंटिमीटर. तिच्या वरखाली टायरची उंची प्रत्येकी १४ सेंटिमीटर. एकूण व्यास सुमारे ७३·८ सेंटिमीटर आणि परीघ सुमारे २ मीटर ३२ सेंटिमीटर. एका किलोमीटरला हे चाक ४३१ फेरे घेईल. आता कोऱ्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल असते असे धरू, आणि वापरलेल्या टायरची झिजून ३ मिलिमीटर उरली आहे असे धरू. व्यास एक सेंटिमीटरने घटला. तेच किलोमीटर तोडावयास या चाकाला ४३७ फेरे घ्यावे लागतील. फरक सहा फेऱ्यांचा. मागे दोन कोरे टायर आणि पुढे दोन झिजलेले अशी गाडी वाशीहून पुण्यास गेली, तर सव्वाशे किलोमीटरांत साडेसातशे फेऱ्यांचा फरक पडला. शाफ्ट चाकाच्या साडेतीन-चार पट फिरतो, तेव्हा पेटीच्या आत हा फरक अडीच हजार फेऱ्यांच्या वर गेला. हे सारे एकही वळण न घेता!

आता आपल्या रस्त्यांवर नित्य काय घडते ते पाहा. पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावर खड्ड्यात चाक आपटते आणि टायरला फुगा येतो. टायरवाला म्हणतो, बाकीचे अजून चांगले आहेत, एकच बदला. फार तर जोडीने दोन. साध्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला हा सल्ला योग्यच आहे. काटकसरी मनाला तो पटतोही. परंतु येथे टायरचे वाचलेले काही हजार रुपये ट्रान्स्फर केसच्या बिलात लाखांनी भरून द्यावे लागतात. एकच टायर बदलला तर फरक निम्मा होतो इतकेच. नाहीसा होत नाही. म्हणूनच अशा गाड्यांचे कारखानदार चारही टायर एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत असे सांगतात. किती फरक चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काहींची मर्यादा दोन-तीन मिलिमीटरांचीच असते.

मापाचीही एक गंमत आहे. काही एसयूव्ही गाड्यांत पुढे २७५/४० आर २० आणि मागे ३१५/३५ आर २० असे वेगळे टायर कारखान्यातूनच येतात. पाहणाऱ्यास वाटते, येथे वेगळे चालतात तर मग आमचे का चालू नयेत? परंतु गुणाकार करून पाहा: पुढचा व्यास ७२८ मिलिमीटर, मागचा ७२८·५. रुंदी वेगळी, परीघ जवळजवळ एकच. त्याच गाडीला कोणी हौसेने पुढे २८५/४० आर २० चढविले, तर व्यास ७३६ होतो, म्हणजे टक्क्याहून अधिक फरक पडतो आणि तोही कोऱ्या टायरांवर. दिसावयास तो टायर अधिक रुबाबदार दिसतो हे खरे. लहान आकाराची तात्पुरती स्टेपनी लावून दूरचा प्रवास करणे हा त्याच जातीचा, फक्त अधिक उघड अपराध होय. हवेच्या दाबाचा परिणाम यांहून कमी असतो, पण असतोच.

टायरांनंतर तेल. या पेटीत तेल फार नसते, काहींत जेमतेम लिटरभर. परंतु ते साधे वंगण नव्हे. चकत्या घसरताना त्यांनी अडखळत न घसरता मऊपणे घसरावे, यासाठी त्यात विशिष्ट द्रव्ये मिसळलेली असतात. उष्णतेने ती संपत जातात. मग चकत्या क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. आपल्या नेरुळकर गृहस्थांना तळघरात जाणवलेला थरथराट तो हाच. अनेक गाड्यांच्या बाबतीत 'हे तेल आजन्म पुरते' असे सांगितले गेले. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, हा प्रश्न विचारावयास हरकत नाही. पहिल्या मालकाच्या काळापुरता तो शब्द खरा ठरतही असेल. तिसऱ्या मालकाने त्यावर विसंबू नये. प्रारंभीचा थरथराट कित्येकदा नुसते योग्य तेल बदलून जातो, हे अनुभवी फिटर सांगतात. मात्र तेल कारखानदाराने सांगितलेल्याच जातीचे हवे. 'गिअर ऑइल सारे सारखेच' असे म्हणून हाताशी असलेले ओतले तर चकत्या दुरुस्त होण्याऐवजी कायमच्या बिघडतात. शिवाय काही गाड्यांत तेल बदलल्याचे संगणकालाही कळवावे लागते. तो जुन्या, थकलेल्या तेलाचा अंदाज धरून चकत्या दाबीत राहिला, तर नव्या तेलाचा उपयोग अर्धाच होतो.

नव्या पेटीचेही तसेच आहे. चकत्यांच्या जाडीत कारखान्यातही केसाएवढा फरक राहतो. म्हणून काही बनावटींत प्रत्येक पेटीची मोजणी करून तिचा वर्ग ठरविलेला असतो, आणि तो वर्ग संगणकाला समजावा लागतो. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून आणलेली पेटी एका गाडीची आणि तिच्यावरची मोटर दुसऱ्या गाडीची, असे झाले की संगणक चुकीच्या मापाने दाब देतो. क्लच एक तर सदा घसरतो किंवा सदा आवळलेला राहतो. जुना भाग वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. परवडत नाही तेथे दुसरा मार्ग नसतो. पण भाग जुळविण्याचे ज्ञान त्या भागाबरोबर फुकट मिळत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

येथेच एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. 'ट्रान्स्फर केस गेली' असे ज्याला म्हटले जाते, ते कित्येकदा पेटीच्या अंगावर बसविलेल्या त्या लहान मोटरचे दुखणे असते. काही बनावटींत मोटरच्या आत प्लास्टिकचे एक दातेरी चक्र असते. त्याचे दात झिजले की मोटर फिरते, पण चकत्या दाबल्या जात नाहीत. धोक्याचा दिवा लागतो. पेटी आतून धडधाकट असते. हे चक्र स्वतंत्रपणे बदलता येते, आणि त्याची किंमत पेटीच्या किमतीपुढे नगण्य म्हणावी अशी. कधी तर तेही नसते. बॅटरी अशक्त झाली, एखाद्या चाकाच्या गतीची खूण देणारा सेन्सर बिघडला किंवा तारेच्या जोडाला गंज चढला, तरी संगणक पेटीकडेच बोट दाखवितो. खाडीकाठच्या खारट हवेत तारांचे जोड हिरवे पडणे ही नवी मुंबईकरांना नवी गोष्ट नव्हे.

पाण्याचा तर या शहराशी जन्माचा संबंध. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तिने वसविलेल्या शहराचा काही भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. त्यासाठी धारण तलाव बांधावे लागले. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की रस्त्यांवर पाणी साचते. महामार्गावरून तापून आलेली पेटी अशा पाण्यात शिरली की आतली हवा एकाएकी थंड होऊन आकसते, आणि श्वासनळीतून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. उंच गाडीच्या मालकाला पाण्याची भीती कमी वाटते, म्हणून ही आपत्ती त्याच्यावर अधिक वेळा येते. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्या आठवड्यात पेटीचे थोडे तेल काढून पाहावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे.

बंद पडलेली गाडी ओढून नेण्याची पद्धतही तपासण्यासारखी आहे. क्रेन येते, पुढची दोन चाके उचलते आणि मागची जमिनीवर फिरू देऊन गाडी फरफटत नेते. अशा गाडीत एक शाफ्ट थांबलेला आणि दुसरा वेगाने फिरत असलेला, ही क्लचची सर्वांत वाईट अवस्था होय. चारही चाके सपाट ट्रकवर चढवूनच ती न्यावी. दुरुस्तीनंतर पेटी लगेच गेली असे म्हणणाऱ्याने मधल्या काळात गाडी कशी ओढली गेली हेही आठवून पाहावे.

तेव्हा दुसऱ्यांदा पेटी बदलण्यास संमती देण्यापूर्वी काय करावे? प्रथम चारही टायरांचे माप, बनावट आणि नक्षीची खोली मोजून कागदावर लिहावी; खोली मोजण्याचे साधन अगदी स्वस्त मिळते. मग पेटीचे तेल स्वच्छ भांड्यात काढावे. ते काळे व जळक्या वासाचे असेल तर क्लच तापला. त्यात धातूचे तुकडे असतील तर साखळी, चक्रे वा बेअरिंग. जोरात गती घेताना खालून खाडकन आवाज येत असेल, तर सैल झालेली साखळी दातांवरून उडी मारीत असण्याचा संभव अधिक. ज्या गाड्यांत मागचा शाफ्ट थेट जोडलेला आहे, त्यांत पेटीवरच्या मोटरची वीज तात्पुरती तोडून जाणकार फिटर गाडी चालवून पाहतो. थरथराट थांबला तर दोष पुढच्या चाकांच्या वाटेवर आहे. तसाच राहिला तर तो इंजिनात, गिअरबॉक्समध्ये किंवा आणखी कोठे तरी असू शकतो, आणि पेटी बदलून काहीच होणार नाही. पूर्वी कधी पुढचे किंवा मागचे डिफरन्शियल बदलले असेल, तर दोहोंच्या दातांचे प्रमाण एकच आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. असा बिघाड विरळा, पण तो असला की कितीही पेट्या बदलल्या तरी पुरत नाहीत.

हे सारे लिहून ठेवण्यास आम्ही सांगतो ते केवळ दुरुस्तीसाठी नव्हे. वाद उभा राहिला म्हणजे कागदच बोलतो. गाडी गॅरेजात देताना जॉबकार्डावर 'आवाज येतो' एवढेच लिहू देऊ नये. केव्हा, किती वेगात, वळताना की सरळ, हे लिहवून घ्यावे. घेताना 'पेटी बदलली' यावर समाधान मानू नये. ती कशाने गेली याचे लेखी उत्तर मागावे. काढलेला भाग आपला असेल तर परत मागावा, वॉरंटीत कंपनीकडे जाणार असेल तर त्याच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे. काढलेल्या तेलाची एक बाटली चिठ्ठी लावून ठेवावी. टायरांची मापे आपल्या बाजूने असतील तर कंपनीचा सर्वांत सोपा बचाव तेथेच संपतो. ती आपल्या विरुद्ध असतील, तर निष्कारण खटला लढण्याचा खर्च तरी वाचतो.

कायद्याचे म्हणाल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आज लागू आहे. २०२१ च्या नियमांनुसार दिलेले मूल्य ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. तक्रार गाडीच्या मूळ दोषाची असेल तर गाडीला दिलेली किंमत धरली जाते, गॅरेजच्या सदोष सेवेची असेल तर दुरुस्तीला दिलेली. जुनी गाडी घेणाऱ्याकडे कंपनीची वॉरंटी नसली, तरी पैसे देऊन घेतलेल्या दुरुस्तीपुरता तोही ग्राहकच आहे. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीविषयी पूर्वी मोठा वाद होता. संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी तेवढ्याने व्यापारी कारणासाठी घेतली असे होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका आलिशान मोटारीच्या खटल्यात दिला.

मागणी काय करावी यातही तारतम्य हवे. मारुती गाडीच्या एका खटल्यात २००६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की सदोष भाग बदलून काम होत असेल तेथे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. म्हणजे वारंवार बिघाड होतो एवढे सांगून भागत नाही. भाग बदलूनही दोष जात नाही आणि त्याचे कारण वापरात नसून गाडीतच आहे, हे दाखवावे लागते. हैदराबादच्या एका कंपनीने २००९ साली घेतलेल्या बीएमडब्ल्यूबद्दलचा वाद, तोही फौजदारी तक्रारीतून निघालेला, २०२४ साली ५० लाखांच्या भरपाईने संपला. मधल्या काळात उच्च न्यायालयाने नवी गाडी देण्याचा आदेश केला होता व कंपनी ती देण्यास तयार होती. तक्रारदाराने ती घेतली नाही. पंधरा वर्षांत कोणतीही मोटार म्हातारी होते.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. गॅरेज 'पाहू, करू' म्हणत राहिले म्हणून ती थांबत नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. नवी मुंबई म्हणून आपण जे शहर एक समजतो ते मात्र दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे: ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाण्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. खारघरच्या रहिवाशाची तक्रार तुर्भ्याच्या गॅरेजाविरुद्ध असेल, तर त्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. गाडीच्या पाटीवर कोणत्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक आहे, याचा येथे काही संबंध नाही.